भिंतीवरची बुरशी : आधी तपासणी की आधी दुरुस्ती?

पावसाळा सरला की घराघरांत आवराआवर सुरू होते. कपाट भिंतीपासून पुढे ओढले की मागे काळे-हिरवे ठिपके दिसतात. कोनाड्यातल्या किताबांच्या कडा मऊ पडलेल्या असतात, घडी घातलेल्या जानमाजला कुबट वास येतो. काही भगिनी विचारतात की, मोठ्या शहरांत घरातल्या बुरशीची तपासणी करून देणारे लोक आहेत. ते यंत्राने हवेचे नमुने घेतात आणि प्रयोगशाळेचा अहवाल देतात. नांदेड-लातूरकडच्या आपल्यासारख्या कुटुंबांनी अशी तपासणी करून घ्यावी का?

आमचे उत्तर सरळ आहे. बुरशी डोळ्यांना दिसत असेल किंवा तिचा वास येत असेल, तर तपासणीवर पैसा घालवू नका. तो पैसा पाणी कुठून येते ते शोधण्यात आणि ते बंद करण्यात घाला.

तपासणी करणारा माणूस आधी भिंती, छत आणि पाइप नीट पाहतो. ओल मोजणाऱ्या मीटरच्या दोन सुया भिंतीला टेकवतो. मग छोट्या पंपाने ठरावीक हवा ओढून चिकट काचपट्टीवर घेतो आणि त्यातले बुरशीचे बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली मोजले जातात. घराबाहेरच्या हवेचाही नमुना घेतात, कारण हे बीजाणू सगळीकडेच असतात. पावसाळ्यात आणि सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत तर बाहेरच ते भरपूर असतात. खोलीतला आकडाही सकाळी एक आणि झाडू मारल्यावर दुसरा येतो. शिवाय किती बीजाणू म्हणजे धोका, हे सांगणारी सर्वमान्य मर्यादाच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल आणि बुरशीविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांतही असा आकडा नाही. ओल होऊ देऊ नका, झाली तर दूर करा, हाच त्यांचा सल्ला आहे. दिसणाऱ्या बुरशीचे नमुने घेण्याची बहुतेक वेळा गरज नसते, असे अमेरिकेची सरकारी पर्यावरण संस्थाही सांगते.

मग पाणी येते कुठून? आपल्या भागात त्याची कारणे ठरलेली आहेत. जुन्या माळवदाच्या घरांत पावसाळ्यापूर्वी छतावर माती टाकून ते नीट करण्याचे काम दरवर्षी होत असे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर दगडमातीच्या घरांची धास्ती बसली आणि स्लॅबची घरे वाढली. स्लॅबला देखभाल लागत नाही, असा समजही त्यासोबत आला. प्रत्यक्षात स्लॅबवर उतार नसला, पन्हाळीत पाला अडकला किंवा बारीक तडा गेला, की पाणी आत झिरपते. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. तिच्यावरच्या भिंतींना तडे जातात आणि पायातून ओल वर चढते.

लातूरची गोष्ट आणखी वेगळी आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या शहरातल्या घरांच्या भिंती ओल्या कशा? कारण नळ रोज येणार नाही म्हटल्यावर प्रत्येक घर पाणी साठवते. घरातच हौद, न्हाणीत ड्रम, छतावर टाकी. हौदाला चीर पडली किंवा टाकी रोज वाहू लागली, की ती ओल भिंतीत मुरते. नांदेड जिल्ह्यात ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यातील हसनाळ, रावणगाव भागात पूर आला, तेव्हा पाणी थेट घरांत शिरले. पुराचे पाणी ओसरल्यावर सामान आणि भिंती लवकरात लवकर सुकवायच्या असतात. भिजलेल्या वस्तूवर एक-दोन दिवसांतच बुरशी धरू लागते.

ओल बाहेरून येते की घरातल्या वाफेने होते, हे ओळखण्याची तपासणी बिनखर्चाची आहे. भिंत पुसून कोरडी करा. वीतभर चौकोनी जाड प्लास्टिक घेऊन चारही कडांना चिकटपट्टी लावून ते भिंतीवर घट्ट बसवा आणि दोन दिवस ठेवा. थेंब प्लास्टिकच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला आले, तर पाणी भिंतीतून येत आहे. गवंडी किंवा प्लंबर बोलवावा. थेंब खोलीकडच्या बाजूला आले, तर स्वयंपाकाची, न्हाणीची आणि घरात वाळत घातलेल्या कपड्यांची वाफ कोंडते आहे. गल्लीकडच्या खिडक्या आपण पडद्यासाठी बंद ठेवतो. पडदा राखूनही हवा खेळू शकते. छताजवळ उंचावर झरोका किंवा जाळी ठेवा, न्हाणीत एक्झॉस्ट पंखा बसवा, कपाट भिंतीपासून चार बोटे दूर ठेवा. उन्हाळा संपला की कूलरचे पाणी काढून टाकी कोरडी करा आणि जुन्या जाळ्या फेकून द्या.

ओल थांबली की डाग साफ करा. त्याआधी फक्त रंग मारला, तर बुरशी रंगाखालून पुन्हा वर येते. नाकावर एन-९५ मास्क, हातात मोजे, खिडक्या उघड्या आणि मुले दुसऱ्या खोलीत. साबणाच्या पाण्याने घासा, पुसा, पूर्ण सुकवा. मग चुना द्या. जंतुनाशक ब्लीच आणि संडास साफ करण्याचे ॲसिड कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी वायू निघतो. गादीच्या आतपर्यंत बुरशी गेली असेल, तर तो कापूस पुन्हा पिंजायला देऊ नका. ती धूळ पिंजाऱ्याच्या फुप्फुसात जाते.

‘काळी बुरशी’ म्हटले की २०२१ आठवते आणि माणूस घाबरतो. कोरोनानंतरचा म्युकरमायकोसिस हा वेगळा आजार होता. बेसुमार वाढलेली साखर आणि स्टेरॉइड यांमुळे प्रतिकारशक्ती घटलेल्यांना तो प्रामुख्याने झाला. भिंतीवरचा प्रत्येक काळा डाग म्हणजे तो आजार नव्हे. पण ओलसर घरात दमा बळावतो, खोकला आणि शिंका हटत नाहीत. मुलाला रात्री खोकला येत असेल किंवा छातीतून शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर हवेचा अहवाल मागवण्यापेक्षा मुलाला डॉक्टरांना दाखवा. नांदेडला विष्णुपुरीच्या आणि लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत रुग्णालये आहेत.

घरात बुरशी दिसली की पहिले बोट घरच्या बाईकडे जाते. “साफसफाई नीट होत नाही,” असे सासरचेही म्हणतात आणि घरमालकही. याच बाबतीत इंग्लंडमधली एक गोष्ट सांगायला हवी. मँचेस्टरजवळच्या रोचडेल गावात सुदानहून आलेल्या कुटुंबातला अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये वारला. त्याचे वडील २०१७ पासून बुरशीची तक्रार करत होते. त्यांना वरून रंग मारायला सांगण्यात आले. ‘तुमच्या आंघोळीच्या आणि राहण्याच्या पद्धतीने ओल होते,’ असाही त्या घराच्या मालक संस्थेचा ग्रह होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये न्यायचौकशीत निष्पन्न झाले की, घरातल्या बुरशीच्या दीर्घ संपर्कामुळेच मुलगा गेला आणि घरात हवा खेळण्याची पुरेशी सोय नव्हती. पुढे तिथे ‘अवाबचा कायदा’ झाला. ऑक्टोबर २०२५ पासून सामाजिक गृहसंस्थांना अशा तक्रारींवर ठरलेल्या मुदतीत काम करावे लागते.

आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. तरी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे घर राहण्याजोगे दुरुस्त ठेवणे हे घरमालकाचे कर्तव्य आहे. लिव्ह अँड लायसन्सवर राहत असाल, तर करारातले दुरुस्तीचे कलम वाचा. दुसरी जागा मिळणार नाही या भीतीने अनेक भाडेकरू गप्प बसतात. निदान फोटो काढा, त्यावर तारीख ठेवा, तक्रार लेखी द्या आणि प्रत जपून ठेवा. आणि आपल्यापैकी जे घरमालक आहेत, त्यांनी ध्यानात घ्यावे की भाडे घेतो त्या छताखालच्या मुलांची जबाबदारीही आपल्याकडे येते. हा हुकूकुल इबादचाच भाग आहे.

पैसे देऊन तपासणी करण्यासारखे प्रसंग मोजकेच आहेत. वास येतो पण बुरशी कुठेच दिसत नाही आणि छताखाली पीओपी आहे. बिल्डरशी वाद चालू आहे. कापडाचे दुकान किंवा गोदाम पाण्यात जाऊन मोठी दुरुस्ती झाली आहे. रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहाची गोष्ट तर वेगळीच, तिथे हवेची तपासणी रुग्णांच्या सुरक्षेसाठी करतात. अशा वेळी तपासणी करणाऱ्याला एकच विचारा : “पाणी कुठून येते हे लिहून द्याल का?” तोच माणूस महागडी फवारणीही विकत असेल, तर दुसऱ्याचेही मत घ्या.

मशिदीच्या कमिट्यांनाही विनंती आहे. वजूखान्याच्या मागची भिंत आणि तिच्यालगतची जाजमे एकदा उचलून पाहा.

वाचकांनी आपले अनुभव जरूर कळवावेत. अल्लाह आपल्या सर्वांच्या घरांत आफियत राखो. आमीन.