पसंतीक्रम कुणाचा?



मृग लागतो तेव्हा दर्यापूर तालुक्यात घरोघरी दोन खर्च एकाच वेळी दाराशी येऊन उभे राहतात. एक बियाण्याचा, दुसरा पोरांच्या प्रवेशाचा. खारपाणपट्ट्यातली कोरडवाहू शेती. कपाशी-तुरीचा पैसा केव्हाच संपलेला. मग रात्री घरात हिशेब होतो. त्या हिशेबात मुलाचा प्रवेश ‘करावाच लागते’ असा असतो आणि मुलीचा ‘जमलं तर पाहू’ असा.

गेल्या हंगामात आपल्या बैठकीला एक आई मुलीला घेऊन आली. मुलगी बारावी विज्ञान, सीईटी दिलेली, अभियांत्रिकीला जागा मिळावी इतके गुण. पण महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरण्याची तारीख निघून गेली होती. अर्जावर मोबाइल क्रमांक भावाचा, ओटीपी भावाकडे. त्याने घरच्यांशी बोलून पुढचा अर्ज भरलाच नाही आणि गावाजवळ बी.ए.ला नाव टाकून दिले. मुलीला कुणी विचारले नाही. आई म्हणाली, “पोरगी हुशार हाय ताई, पण तिले अमरावतीले ठेवाले आमच्यापाशी पैसा कुठी हाय?” शिक्षण शुल्क माफ झाले असते, हे त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हते. आणि आम्ही, जे स्वतःला कार्यकर्त्या म्हणवतो, तिच्या गावात निकालाआधी एकदाही गेलो नव्हतो. ही चूक आपलीही आहे, म्हणून हे संपादकीय.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, २०२४-२५ पासून, व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलींना शिक्षण शुल्कात व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत मिळाली. त्याआधी ती निम्मी होती. अट अशी की कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवे आणि प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. गोम इथेच आहे. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्थेच्या पातळीवर घेतलेल्या प्रवेशाला ही सवलत नाही. अभिमत व खाजगी स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांनाही नाही. “फेऱ्यांची वाट कशाला पाहता, सीट पक्की करून देतो” असे सांगणारा दलाल तुमची सोय करत नाही, तो तुमच्या मुलीचा हक्क घालवतो. अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्तांच्या मुलींसाठी शिष्यवृत्ती व शुल्कमाफीच्या योजना वेगळ्या आहेत. त्यांचे अर्ज महाडीबीटीवर दरवर्षी भरावे लागतात आणि बँक खाते आधारशी जोडलेले लागते. ते खाते मुलीच्या नावाचे असू द्या.

अकरावीचा प्रवेशही २०२५-२६ पासून सगळ्या राज्यात ऑनलाइन झाला. आधी तो अमरावतीसारख्या काही शहरांपुरता होता. आता खेड्यातल्या मुलीलाही पसंतीक्रम लिहावा लागतो. जिथे खरोखर जायचे आहे तेच नाव पहिले लिहावे. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळून प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडावे लागते.

दाखल्यांचे दुखणे तर दरवर्षीचे. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून, जातीचा आणि नॉन-क्रिमीलेअर उपविभागीय कार्यालयातून, वैधता अमरावतीच्या समितीकडून. जून उजाडला की सेतू केंद्रावर रांग लागते आणि संकेतस्थळ बसते. हे काम दिवाळीनंतर, बारावीचे वर्ष चालू असतानाच उरकावे. जातीसाठी पुरावा जुना लागतो: अनुसूचित जातीसाठी १९५० पूर्वीचा, भटक्या-विमुक्तांसाठी १९६१, इतर मागासांसाठी १९६७. आजोबांचा शाळेचा दाखला नसेल तर चुलत आजोबांचा किंवा आत्याचा शोधा, शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर पाहा, कोतवाल बुकाची नक्कल काढा.

सगळ्यात जास्त फरफट होते ती टाकलेल्या बाईची. मुलीला एकटीने वाढवले तिने, पण कागद मागायचे नवऱ्याच्या घरचे. दीर दारात उभा करत नाही, सासरा नक्कल देत नाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आईचे नाव लावणे महाराष्ट्रात बंधनकारक झाले, ही चांगली गोष्ट. पण जातीच्या पुराव्याची वाट अजून बापाच्या उंबऱ्यातूनच जाते. अशा बाईबरोबर गटातल्या दोघीजणींनी सासरच्या गावी, तिथल्या शाळेत आणि तहसीलमध्ये जायला हवे. एकटीला ‘उद्या या’ सांगितले जाते. तिघी गेल्या की कागद निघतो.

शुल्क माफ झाले तरी राहणे, जेवण आणि प्रवास उरतोच. मुलगी घरी बसते ती बहुतेक वेळा याच पायरीवर. दर्यापूरहून अमरावती पन्नासेक किलोमीटर. शकुंतला बंद पडली, भिस्त एस.टी.वर. मार्च २०२३ पासून बाईला अर्धे तिकीट आहे, पण संध्याकाळच्या तासानंतर परतायला बस नसेल तर अर्ध्या तिकिटाचा उपयोग काय? शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर अनुसूचित जातींसाठी स्वाधार, आदिवासींसाठी स्वयम् आणि इतर मागासांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. अल्पभूधारकांच्या मुलांसाठी असलेल्या निर्वाह भत्त्याला तर आपल्या जिल्ह्यातल्या पापळच्या पंजाबराव देशमुखांचेच नाव आहे. या योजनांची नावे शिक्षकांना माहीत असतात, आईला नसतात.

“पोरीले एकटी कशी ठेवाची?” हा प्रश्न आई-बाप विचारतात. तो खोटा नाही, त्याला हसू नये. वसतिगृह सोबत जाऊन पाहावे, रात्रीची अधीक्षिका कोण ते विचारावे, महाविद्यालयात लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती आहे का आणि तिच्यावर कोण आहे ते विचारावे. २०१३ च्या कायद्याने ती असायलाच हवी. भीतीचे उत्तर माहितीने द्यावे लागते. मुलीला घरी ठेवणे हे उत्तर नव्हे, कारण घरी ठेवलेल्या मुलीसाठी पुढच्या तुळशीच्या लग्नानंतर स्थळे येऊ लागतात, हे आपण सगळ्या जाणतो.

म्हणून गटांनी या वर्षी एवढे करावे. डिसेंबरात गावात दाखल्यांचा दिवस ठेवावा. निकालाच्या आठवड्यात शाळेत किंवा ग्रामपंचायतीत टेबल मांडून बसावे. अर्जावर क्रमांक मुलीचा किंवा आईचा घालावा आणि भरलेल्या अर्जाची छापील प्रत मुलीच्या हातात द्यावी. दिलेल्या प्रत्येक पैशाची पावती घ्यावी. पदवीच्या प्रवेशावेळी मूळ कागद तपासून लगेच परत मागावेत. ते अडकवून ठेवण्याचा अधिकार महाविद्यालयाला नाही. आणि संध्याकाळच्या बससाठी आगारप्रमुखांना निवेदन द्यावे, मुलींच्या सह्यांनिशी.

शेजारच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यात शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांनी पोटाला चिमटा घेऊन लेकरे शिकवा म्हणून गावोगाव सांगितले. आपल्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. लेकरांत लेक धरली जाते की नाही, ते पसंतीक्रमाच्या यादीवर ठरते. ती यादी भरताना खुर्चीवर मुलगी बसलेली असली पाहिजे. भाऊ शेजारी उभा राहिला तर हरकत नाही.