पांढऱ्या भरणीखालचा चिकट द्रव

दातात ‘चांदी’ भरण्याची पद्धत मागे पडत चालली आहे. पारा असलेली ती भरणी युरोपीय संघाने मोजके अपवाद सोडून १ जानेवारी २०२५ पासून बंद केली. आपल्याकडेही दाताच्या रंगाचे कॉम्पोझिट लोक मागून घेतात. पारा जातो आहे हे बरेच झाले. पण त्याच्या जागी काय आले, याची चौकशी फारशी होत नाही.

कॉम्पोझिट दाताला धरून राहावे म्हणून आधी एक पातळ चिकट द्रव लावतात. त्यात बऱ्याचदा ‘हेमा’ हे मिथाक्रिलेट रसायन असते. निळा प्रकाश पडला की त्याचे सुटे रेणू साखळीत गुंफले जाऊन घट्ट होतात. पण सगळेच नाही. उरलेले काही रेणू लाळेत, तर काही दाताच्या गाभ्याकडे झिरपतात. प्रयोगशाळेत हेमाच्या संपर्कात आलेल्या पेशींमधला ग्लुटाथायोन हा संरक्षक साठा घटतो आणि जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशींचे धोक्याचे रासायनिक इशारेही मंदावतात. मात्र प्रयोगशाळेच्या बशीतली मात्रा म्हणजे तोंडातली मात्रा नव्हे. व्हॉट्सॲपवरून भीती वाटणारे नेमके हेच गाळतात. भरणीखाली दंतिनाचा पुरेसा थर असेल आणि प्रकाश पूर्ण वेळ दिला असेल, तर रुग्णाने घाबरण्याचे कारण नाही.

खरी काळजी हातांची आहे. हेमाचा रेणू इतका लहान असतो की तो त्वचेत शिरून प्रथिनांना चिकटतो. तिथल्या लँगरहान्स पेशी तो उचलून लसिकाग्रंथीतल्या टी पेशींना दाखवतात. ही ओळख एकदा पटली की बहुधा जन्मभर टिकते. मग पुढच्या स्पर्शानंतर दिवस-दोन दिवसांनी बोटांची टोके लाल होतात, खाजतात, भेगाळतात. दंतवैद्य आणि त्यांचे सहायक याला अधिक बळी पडतात. हातमोजे आहेत ना, असे कोणी म्हणेल. पण लेटेक्सच्या मोज्यातून हेमा काही मिनिटांत आरपार जातो. थेंब लागला की मोजा तेव्हाच बदलायला हवा, आणि हे दवाखान्यातल्या सहायकाला पहिल्याच दिवशी सांगायला हवे.

हेच रसायन अनेक जेल नेलपॉलिशमध्येही असते. युरोपीय संघात अशी उत्पादने फक्त व्यावसायिक वापरासाठी आहेत. आपल्याकडे मात्र जेलचे संच दिव्यासकट घरपोच येतात. दिवा कमी ताकदीचा असला किंवा जेल नखाबाहेर ओघळले, तर कच्चे रसायन थेट कातडीला लागते. नखांच्या हौसेतून विशीत जडलेली ॲलर्जी पुढे दाताच्या भरणीच्या वेळी आडवी येऊ शकते. तेव्हा पेनिसिलिनची ॲलर्जी विचारणाऱ्या दंतवैद्यांनी नखांचीही विचारपूस करावी, आणि उत्तर ‘हो’ आले तर आधी त्वचारोगतज्ज्ञाकडून पॅच टेस्ट करून घ्यायला सांगावे.