गोळ्या थांबल्या, पाळणा कधी हलायचा?

दिवाळी अंकाच्या सदरात काहीतरी गोडधोड द्यावे, असा संपादकांचा दरवर्षी आग्रह असतो. परंतु गणपतीच्या दिवसांत ठाण्याहून आलेले एक पत्र माझ्या टेबलावरून हलायलाच तयार नाही. तेव्हा यंदा चकली-करंज्यांचे काम इतर पानांवर सोपवून मी या पत्राचेच उत्तर देणार आहे. नाव अर्थातच देत नाही.

पत्रलेखिका एकतीस वर्षांच्या आहेत. लग्न झाले सव्विसाव्या वर्षी. तेव्हा जागा भाड्याची, दोघांच्या नोकऱ्या नव्या, म्हणून पाच वर्षे त्यांनी संततिनियमनाच्या गोळ्या घेतल्या. यंदाच्या गुढीपाडव्याला नव्या जागेत गृहप्रवेश झाला आणि त्याच दिवशी गोळ्या बंद केल्या. पुढे त्या लिहितात, "गौरी जेवल्या, पण सासूबाईंनी मला ओटी भरायला पुढे बोलावले नाही. स्वयंपाकघरात त्या नणंदेला म्हणाल्या की, पाच वर्षे औषधे खाऊन हिने कूस वाळवून घेतली. डॉक्टरीणबाई, हे खरे आहे का? खरे असेल तर मला स्पष्ट सांगा. मी यजमानांना अजून काही बोलले नाही."

स्पष्टच सांगते. हे खरे नाही.

गोळी काय करते ते आधी समजून घ्या. नेहमीच्या गोळीत, मग ती सरकारी माला-एन असो की दुकानातली महागडी, दोन संप्रेरके असतात. ती रक्तात असेपर्यंत मेंदूखालच्या ग्रंथीकडून अंडाशयाला निरोप जात नाही आणि त्यामुळे बीज बाहेर पडत नाही. शिवाय गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला स्राव घट्ट होतो. बस्स, एवढेच. अंडाशय जळत नाही, वाळत नाही आणि बिजांचा साठाही बिघडत नाही. गोळी थांबली की ती संप्रेरके थोड्याच दिवसांत शरीरातून निघून जातात. पाच वर्षे गोळ्या घेणारीच्या अंगात पाच वर्षांचे औषध साचते, ही समजूत निखालस चुकीची आहे. गोळीची शिल्लक बँकेत राहत नाही. म्हणून तर ती रोज घ्यावी लागते!

याची उलटी बाजूही मी पाहिली आहे. दोन मुलांची एक आई वैशाखात माझ्याकडे आली ती रडतच. दिराच्या लग्नाच्या धावपळीत तिने गोळ्या सोडल्या होत्या. इतकी वर्षे घेतल्या आहेत, तेव्हा तीन-चार महिने तरी असर राहील, असा तिचा हिशेब. प्रत्यक्षात गोळी थांबल्यापासून अवघ्या दोन आठवड्यांतही बीज सुटू शकते. पाकीट संपल्यावर दोन-चार दिवसांत जो स्राव होतो, ती खरी पाळी नव्हे. संप्रेरके थांबल्यामुळे होणारा तो स्राव असतो. त्यामुळे खरी पाळी येण्यापूर्वीच दिवस राहू शकतात, आणि या बाईंचे तसेच झाले. पुढे काय करायचे ते त्या उभयतांनी विचार करून ठरवले. ते येथे सांगण्याचे कारण नाही. ज्यांना मूल नको आहे त्यांनी गोळी सोडल्या दिवसापासून दुसरा उपाय योजावा, एवढे मात्र लक्षात ठेवा.

आता ठाणेकर भगिनींच्या महिन्यांचा हिशेब. निरोगी तरुण जोडप्यालासुद्धा एका महिन्यात दिवस राहण्याची शक्यता शंभरात वीस-पंचवीसच असते. म्हणजे बहुतेक महिने हुकायचेच. गोळ्या सोडलेल्या बायकांची पाहणी झालेली आहे. त्यांच्यापैकी शंभरात सुमारे ऐंशी जणींना वर्षाच्या आत दिवस राहतात, आणि गोळ्या कधीच न घेतलेल्यांचे प्रमाणही जवळजवळ तेच आहे. पाडवा ते गणपती म्हणजे जेमतेम साडेपाच महिने. एवढ्यात कुशीवर निकाल देणे हा अन्याय आहे.

पण मग गोळ्यांनी नुकसान झाल्याची उदाहरणे आपण ऐकतो ती कुठून येतात? पुष्कळदा असे होते की मुलीची पाळी एकोणिसाव्या वर्षापासूनच अनियमित असते. डॉक्टर गोळ्या देतात आणि पाळी घड्याळासारखी येऊ लागते. सात-आठ वर्षांनी गोळ्या थांबतात आणि मूळचा अनियमितपणा पुन्हा डोके वर काढतो. दोष अंडाशयाच्या जुन्या दुखण्याचा किंवा थायरॉइडचा असतो, आणि बोल बिचाऱ्या गोळीला. दुसरा घोटाळा तीन महिन्यांच्या इंजेक्शनचा. सरकारी दवाखान्यांत 'अंतरा' नावाने मिळते ते. ते थांबवल्यावर दिवस राहायला शेवटच्या इंजेक्शनापासून सरासरी सात ते दहा महिने लागतात. तेही कायमचे नुकसान नव्हे, पण शेजारणीचा हा अनुभव गोळीच्या नावावर जमा होतो.

तिसरे कारण जरा कडू आहे. गोळी वय थांबवत नाही. सव्विसावी असताना गोळी सुरू करणारी बाई छत्तिसावी असताना ती थांबवते, तेव्हा गेलेली दहा वर्षे गोळीने खाल्लेली नसतात, भिंतीवरच्या कॅलेंडरने खाल्लेली असतात. आपण एकतीस वर्षांच्या आहात, घाबरण्याचे कारण नाही. परंतु पस्तिशी ओलांडलेल्या भगिनींनी वर्षभर वाट पाहू नये, सहा महिन्यांतच तपासणी करून घ्यावी.

गोळ्या सोडल्यावर तीन महिने 'शरीर स्वच्छ होऊ द्या' असा सल्ला अजूनही घरोघर मिळतो. त्याची गरज नाही. लगेच दिवस राहिले तरी बाळाला गोळीपासून अपाय होत नाही. त्याऐवजी फॉलिक ॲसिडची चारशे मायक्रोग्रॅमची गोळी रोज सुरू करा. दिवस राहण्याआधी निदान एक महिना आणि नंतर पहिले तीन महिने ती घ्यायची असते. बाळाच्या पाठीच्या कण्याची जडणघडण इतक्या लवकर होते की, पुष्कळदा आईला तोवर पत्ताही नसतो. मधुमेह असेल किंवा फेफऱ्याचे औषध चालू असेल तर मात्रा डॉक्टरांना विचारावी.

आणखी एक विचारते. आपल्या पाळ्या नियमित येतात का, हे आपण लिहिलेले नाही. येत असतील तर ठीकच. गोळ्या थांबवून तीन महिने उलटले तरी पाळी आली नसेल, तर मात्र आधी घरच्या घरी लघवीची तपासणी आणि मग डॉक्टर. पाळी 'आणणारी' गोळी औषधांच्या दुकानातून परस्पर आणू नये. दोन-तीन दिवसांआड संबंध असले म्हणजे पुरे. तारखांचे तक्ते करून घरात परीक्षेचे वातावरण आणू नका.

आणि यजमानांना काही बोलले नाही, हे काही मला पटले नाही. मूल न होणाऱ्या तीन जोडप्यांमागे निदान एका जोडप्यात कारण पुरुषाकडेही असते. त्यांच्या वीर्याची तपासणी सोपी, स्वस्त आणि न दुखणारी आहे. बाईच्या पोटातल्या तपासण्यांना हात घालण्यापूर्वी ती व्हायला हवी. पण आमच्याकडे बायको एकटी चार दवाखाने पालथे घालते आणि नवरा बाहेर गाडीत बसून राहतो! सासूबाईंनी स्वयंपाकघरात काय म्हटले तेही त्यांना सांगा. आईशी बोलायचे काम मुलाचे आहे, सुनेचे नव्हे.

येत्या पाडव्याला आपले वर्ष पुरे होईल. पाळ्या नियमित असतील तर तोवर स्वस्थ राहा. त्यानंतरही काही घडले नाही तर तपासणीला या, पण दोघे मिळून या. एकट्या आलात तर मी पहिल्यांदा त्यांनाच फोन करायला लावीन.