वसतिगृहातील मुलाचे मन

बहिष्कृत हितकारिणी सभेने 1925 च्या जानेवारीत सोलापुरात वसतिगृह सुरू केले, तेव्हा शिकू पाहणाऱ्या मुलापुढील अडचण उघड होती: राहावे कोठे आणि जेवावे काय. आज शंभर वर्षांनंतर आपल्या निवासी शाळांतील मुलाला निवारा, ताट आणि पुस्तक मिळते. त्याच्या मनाची नोंद मात्र आपल्या कोणत्याही नोंदवहीत नसते.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील आठवीचा एक विद्यार्थी, पालक भेटून गेले की, पोटदुखीची तक्रार करी. मी त्याला कामचुकार ठरविले. औषध दिले, समजही दिली. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो परतला नाही. रात्र रात्र तो जागा असे, हे पुढे सोबत्यांकडून कळले. इतिहासाचा शिक्षक असून समोरचा पुरावा मला वाचता आला नाही.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, 2017 ने शासकीय सेवेतून मानसोपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क मानला आहे. सुकदेब साहा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 रोजी निर्देश दिले की, 100 वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा सामाजिक कार्यकर्ता असावा. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडावा. 14416 या क्रमांकावर ‘टेली-मानस’ची निःशुल्क सेवा 2022 पासून अहोरात्र उपलब्ध आहे. परंतु वसतिगृहातील मुलाजवळ मोबाइल नसतो आणि संस्थेचा दूरध्वनी बहुधा अधीक्षकांच्या टेबलावर असतो. चारचौघांत तो काय बोलणार?

जासईच्या पालकासाठी जिल्हा रुग्णालय अलिबागला आणि प्रादेशिक मनोरुग्णालय ठाण्याला. कोठेही जायचे तर दिवसाची मजुरी बुडते. त्याहून मोठा अडसर लोकापवादाचा. पिढ्यान्‌पिढ्या कपाळी शिक्का वाहिलेल्या समाजाला मुलाच्या कपाळी ‘वेडा’ हा नवा शिक्का नको असतो. ही भीती समजण्याजोगी आहे. तिच्यापायी मुलाने एकट्याने सोसावे, हे मात्र समर्थनीय नाही.

म्हणून माझे आग्रहाचे म्हणणे असे: नव्या कमानीसाठी वर्गणी काढण्यापूर्वी समुपदेशकाच्या वेतनाची तरतूद व्हावी. दार लावून बोलता येईल अशा खोलीत एक दूरध्वनी असावा. झोप, भूक आणि अबोला यांतील बदल ओळखण्याचे प्रशिक्षण अधीक्षकांना व आम्हा शिक्षकांना मिळावे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाने ठरावीक दिवशी शाळेत यावे, यासाठी पालकांनी लेखी मागणी करावी. या क्षेत्रात शिकलेल्या माजी विद्यार्थ्यांनी महिन्यातील एक दिवस द्यावा.

जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी 1984 च्या जानेवारीत या परिसरातील पाच जण हुतात्मा झाले. कागदावरचा हक्क मागितल्यावाचून हाती येत नाही, हे येथील घराघराला ठाऊक आहे. मुलांना स्वतः तो मागता येत नाही. त्यांच्या वतीने तो आपण मागायचा आहे.