माकडताप: दोष एकट्या माकडाचा नाही

काजूचा हंगाम आला की सिंधुदुर्गात दोन तक्रारी एकाच वेळी कानावर येतात. वानर-माकडांनी बाग उद्ध्वस्त केली ही एक, आणि दोडामार्ग-सावंतवाडीकडे ताप सुरू झाला ही दुसरी. दोन्ही जोडून लोक तिसरे वाक्य तयार करतात: माकडांचा बंदोबस्त करा, ताप जाईल. बागायतदाराचे नुकसान खरे आहे आणि त्यावर उपाय व्हायलाच हवा. पण त्या उपायाने तापही जाईल असे समजून तुम्ही निर्धास्त राहिलात, तर ते घरातल्या माणसाच्या जिवावर बेतू शकते.

हा आजार पहिल्यांदा ओळखला गेला १९५७ साली, कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात. म्हणून वैद्यकीय कागदांवर त्याचे नाव ‘केएफडी’ असे दिसते. आपल्या जिल्ह्यात तो २०१६ च्या सुरुवातीला दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावात आढळला आणि पुढच्या हंगामात सावंतवाडी तालुक्यातल्या बांदा परिसरात पोहोचला. त्याच्या आगेमागेच गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातही काजू बागांत काम करणाऱ्यांना त्याने गाठले होते.

माकडतापाचा विषाणू माणसापर्यंत आणते ती गोचीड. तिचे आयुष्य समजले तर सगळा गुंता सुटतो. अंड्यातून निघालेले पिल्लू पावसाळ्यानंतर उंदीर, चिचुंद्री, खार, जमिनीवर चरणारे पक्षी यांचे रक्त पिते. मग कात टाकून ते तिळाएवढे होते. ही मधली अवस्था साधारण डिसेंबर ते मे या काळात पातेऱ्यात आणि गवताच्या टोकावर बसून असते. माकड, माणूस, जो जवळून जाईल त्याला ती चिकटते. पूर्ण वाढलेली गोचीड मात्र मोठे जनावर शोधते, आणि आपल्याकडे ते म्हणजे बहुतेक वेळा रानात चरायला सोडलेली गाय किंवा म्हैस. पोटभर रक्त प्यालेली मादी खाली पडते आणि हजारो अंडी घालते. गुरांना हा आजार होत नाही, पण गोचिडींची पुढची पिढी त्यांच्याच जोरावर उभी राहते. गाय पाळू नका असे मी म्हणत नाही. तिच्या अंगावरची गोचीड मात्र किरकोळ समजू नका.

आता माकड. तोंडावर लाली असलेले माकड आणि काळ्या तोंडाचे वानर, दोघांनाही हा विषाणू आपल्यासारखाच बाधतो आणि ते मरतात. मेलेल्या माकडाचे अंग थंड पडले की त्याच्यावरच्या गोचिडी उतरून आसपासच्या पातेऱ्यात पसरतात. एकदा बाधित झालेल्या गोचिडीच्या अंगात विषाणू कात टाकल्यावरही टिकतो. म्हणजे माकडे पकडून नेली तरी गोचिडी तिथेच राहतात, उंदीर-खारी राहतात, गुरेही राहतात. हुसकावलेली टोळी अंगावरच्या गोचिडी घेऊन शेजारच्या बागेत जाते, ते वेगळेच. उलट मेलेले माकड ही आपल्याला आधी मिळणारी सूचना आहे.

मग साथ वाढते कशाने? जंगल आणि बाग एकमेकांत घुसतात तिथे. १९८०च्या दशकात दक्षिण कन्नडमध्ये जंगल तोडून काजू लावलेल्या भागात मोठी साथ आली होती. दोडामार्गात गेल्या काही वर्षांत डोंगरच्या डोंगर काजू, रबर, अननसाखाली गेले आहेत. सलग रानाचे तुकडे पडले की माकड, गुरे, उंदीर आणि माणूस एकाच पातेऱ्यावरून फिरू लागतात. काजू सोडून द्या असे डॉक्टर सांगू शकत नाही; घर त्यावर चालते. पण हंगामात काय सांभाळायचे ते सांगू शकतो.

बागेत जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, पँट मोज्यात खोचा आणि आरोग्य केंद्रातून मिळणारे गोचीड-प्रतिबंधक तेल उघड्या अंगाला लावा. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका, साबणाने आंघोळ करा आणि काखा, जांघा, कानामागची जागा तपासा. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल, चुना, विडीचा चटका यातले काही नको. गोठ्यात अंथरायला रानातला पातेरा आणत असाल तर या काही महिन्यांत टाळा. मेलेल्या माकडाला हात लावू नका. वनखात्याला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला लगेच कळवा, म्हणजे त्या जागेभोवती कीटकनाशक भुकटी टाकता येते.

आपल्याकडे तापालाही हंगाम असतो. भातलावणीत लेप्टो आठवतो, तसा काजूत माकडताप आठवला पाहिजे. चावल्यानंतर साधारण तीन ते आठ दिवसांत एकाएकी थंडी वाजून जोराचा ताप, कपाळ ठणकणे, अंग मोडून येणे, उलट्या, डोळे लाल होणे ही लक्षणे दिसतात. काहींच्या नाकातून, हिरड्यांतून रक्त येते. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी होतात, म्हणून हा डेंग्यूच वाटू शकतो. अंगदुखीसाठी मनाने ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नका. रक्तस्राव वाढू शकतो. पहिल्या आठवड्यात रक्ताची आरटी-पीसीआर तपासणी निदान करते, त्यानंतर अँटिबॉडी तपासणी उपयोगी पडते.

यावर नेमके औषध नाही. कर्नाटकात वर्षानुवर्षे दिली जाणारी लस पुरेशी परिणामकारक नसल्याने थांबवली गेली आणि नव्या लसीचे काम सुरू आहे. तरीही वेळेवर दाखल झालेले बहुतेक रुग्ण बरे होतात. शंभरातले तीन ते पाच दगावतात. रुग्णापासून घरच्यांना लागण होत नाही, तेव्हा त्याला वेगळे ठेवून त्याचे हाल करू नका.

काही रुग्णांत ताप उतरतो, आठ-पंधरा दिवस बरे जातात, आणि मग ताप परत येतो. या वेळी तीव्र डोकेदुखी, मान आखडणे, हातापायांना कंप, बडबडणे अशी मेंदूची लक्षणे दिसू शकतात. तोवर माणूस पुन्हा कामाला लागलेला असतो, किंवा मालवण-वेंगुर्ल्याला नातेवाइकांकडे आलेला असतो, आणि तिथल्या डॉक्टरांना आधीचा ताप माहीत नसतो. तेव्हा केसपेपर जपून ठेवा, आणि महिन्याभरात ताप परत आला तर डॉक्टरांना पहिल्यांदा हेच सांगा: हा माणूस दोडामार्गात काजू वेचत होता.