म्हाताऱ्या गाडीचा हिशेब

वाचकहो, दिवाळी अंकात घरातले वाद सांगू नयेत, हे मला कळतं. पण यंदा आमच्याकडे चकलीच्या भाजणीआधी जो वाद शिजला, तो बऱ्याच घरांत कधी ना कधी शिजतोच. वादाचा विषय होता आमची मारुती ८००.

ही गाडी नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, २००८ साली निवृत्तीच्या पैशांतून घेतली. पंधरा वर्षांची नोंदणी २०२३ साली संपली, तेव्हा पाच हजार फी आणि वर पर्यावरण कर भरून आम्ही तिला २०२८ पर्यंतचं आयुष्य मिळवून दिलं. त्या दिवशी नानांनी पेढे आणले होते.

यंदा श्रावणात मी नानांना घेऊन पुण्याहून साताऱ्याला निघालो. तिथे आत्या एकटी राहते, वय ७८. नाना दर महिन्याला एक दिवस तिच्याकडे जातात, आणि भाऊबीज तर कधीच चुकलेली नाही. एस.टी.ची पायरी त्यांच्या गुडघ्यांना आता झेपत नाही, म्हणून गाडी. खंबाटकीच्या घाटात इंजिनाच्या उष्णतेचा काटा लाल रेघेकडे सरकू लागला. शहाण्या माणसाने तिथेच गाडी थांबवली असती. मी म्हणालो, "एवढा घाट संपू दे." घाट संपायच्या आधी बॉनेटखालून वाफ आली. "रेडिएटरचं पाणी शेवटचं कधी पाहिलं होतंस?" असं नानांनी विचारलं, तेव्हा मी घाटातलं निसर्गसौंदर्य पाहण्यात गढून गेलो होतो.

टोचन करून गाडी परत आणली. मिस्त्रींनी ऑइलची कांडी ओढून दाखवली. तिच्यावर काळ्या तेलाऐवजी दूध घातलेल्या कॉफीसारखं काहीतरी होतं. "हेड गॅस्केट गेलं, साहेब. पाणी ऑइलमध्ये उतरलंय." आणि त्यांनी आकडा सांगितला : बेचाळीस हजार!

शेजारचे काका लगेच म्हणाले, "चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!" जुन्या गाड्यांच्या दलालाने बंद गाडीचे वीस हजार सांगितले, चालू करून दिली तर पन्नास. म्हणजे बेचाळीस घालायचे आणि तीस मिळवायचे.

"अहो, विकून टाका," सौ. म्हणाली. "आणि नवी मुळीच नको. पाच लाखांच्या कर्जाला पाच वर्षं महिना दहा हजारांचा हप्ता. कॉलेजची फी कशातून भरायची? रिक्षा आहेत की."

मी गाडीचं वकीलपत्र घेतलं. "गेल्याच वर्षी चार टायर आणि बॅटरी घातली. ते पैसे पाण्यात घालायचे?"

खरं तर मला भीती होती ती नानांची. हा विषय त्यांच्या मनाला लागेल, असं वाटत होतं. पण ज्यांचा जन्म हिशेबखात्यात गेला, त्यांनी शांतपणे चष्मा लावला आणि डायरी उघडली.

"टायरचे पैसे गेले. गाडी ठेवली काय आणि विकली काय, ते परत येत नाहीत. ते खोडा. बाजारभाव ज्याला विकायची आहे त्याने बघावा. आपण बघायचं ते एवढंच, की तिच्यावाचून आपल्याला किती पडेल. गावात रिक्षा स्वस्त, हे सूनबाईंचं खरं. पण भाड्याची गाडी साताऱ्याला जाऊन-येऊन चार हजार घेते. आपल्या गाडीला पेट्रोल लागतं तेराशेचं. खेपेला सत्तावीसशे वाचले."

"विमा आणि सर्व्हिसिंग?" सौ. म्हणाली.

"वर्षाचे आठ हजार धरा. पण त्याआधी सांगाडा बघू."

दुसऱ्या दिवशी नाना रिक्षाने गॅरेजवर गेले. गाडी वर उचलायला लावली. जिथे जॅक लागतो त्या जागा, तळाचा पत्रा, दारांच्या खालच्या कडा, सगळं मिस्त्रींकडून स्क्रू-ड्रायव्हरने ठोकून घेतलं. इंजिन उघडून पुन्हा बसवता येतं. तळ सडला असेल तर वरून रंग देणं म्हणजे नुसती पावडर लावणं. सुदैवाने तळ टणक निघाला.

मग त्यांनी बेचाळीस हजारांचे लेखी तुकडे करून घेतले. हेड, गॅस्केट, रिंगा, पाण्याचा पंप, रेडिएटर : साडेएकोणीस. क्लच : सात. डेंटिंग, रंग, सीट-कव्हरं : साडेपंधरा. शेवटच्या ओळीवर त्यांनी सरळ रेघ मारली. उरले साडेसव्वीस हजार, विम्यासकट साडेचौतीस. तेरा खेपांत वसूल. शिवाय एक अट : हेड काढल्यावर चीर दिसली तर काम तिथेच थांबवायचं. सुट्या भागांची काळजी नव्हती. ही गाडी १९८३ पासून बनत होती आणि जानेवारी २०१४ मध्ये बंद झाली, तरी नाना पेठेत तिचे भाग मिळतात.

चीर निघाली नाही. डायरीत नानांनी लिहिलं : "२०२८ पर्यंत. मध्ये पुन्हा दहा हजारांवर खर्च निघाला तर निरोप."

एवढा कोरडा हिशेब पाहून मी मनातून थोडा खट्टूच झालो होतो. गॅरेजमधून निघताना मात्र नाना दारातून मागे वळले आणि मिस्त्रींना हळूच म्हणाले, "भाऊबीजेच्या आधी मिळेल ना? ताई वाट बघते." हा प्रश्न डायरीत नव्हता.

गाडी आली आहे. दर रविवारी सकाळी, इंजिन गार असताना, पाणी मी स्वतः तपासतो. भाऊबीजेला पहाटे निघायचं ठरलं आहे.

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी नानांना गुडघ्याची शस्त्रक्रिया सुचवली. मी म्हटलं, "नाना, डायरी काढायची का?"

"काढू," ते म्हणाले. "पण गाडीची मुदत आरटीओने लिहून दिली आहे. माझी कुणी दिलेली नाही. आधी ताईकडे जाऊन येऊ."