काच किती अंतरावरची फुटेल, हे आधी सांगता येतं

डोंबिवली एमआयडीसीत काही उडालं की पहिले काही तास एकाच प्रश्नात जातात: बॉयलर फुटला की रिअॅक्टर? 23 मे 2024 लाही तेच. आधी बॉयलर म्हणाले, मग रिअॅक्टर. बॉयलर असेल तर बाष्पके संचालनालय, रिअॅक्टर असेल तर औद्योगिक सुरक्षा संचालनालय, दाबाखालच्या गॅसची टाकी असेल तर नागपूरचं पेसो. कोणाच्या गळ्यात घंटा, एवढंच त्यातून ठरतं. ज्याच्या अंगावर खिडकी आली त्याला काय फरक पडतो?

खरा प्रश्न वेगळा आहे. हे भांडं फुटलं तर कुठवर काय होईल, हे आधी माहीत होतं का? तर हो, बऱ्यापैकी काढता येतं. टाकीचा आकार आणि आतला दाब माहीत असला की साठलेली ऊर्जा निघते. दहा घनमीटरच्या, म्हणजे पाण्याच्या मोठ्या टँकरएवढ्या टाकीत दहा बार दाबाने नुसती हवा भरली, तरी नेहमीच्या सूत्राने तिच्यात पाच-साडेपाच किलो टीएनटीएवढी ऊर्जा निघते. नुसती हवा हं, रसायन नाही! म्हणून तर नव्या टाकीची चाचणी शक्यतो पाणी भरून घेतात. पाणी फारसं दबत नाही, त्यामुळे टाकी तडकली तरी धमाका होत नाही.

बॉयलरमधलं पाणी मात्र गरीब नाही. दहा बारला ते 180 अंशांच्या पुढे असतं. पत्रा फाटला की त्यातल्या काही भागाची क्षणात वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सुमारे सोळाशे पट जागा लागते.

ऊर्जा कळली की अंतरं निघतात. भिंती पडायला बऱ्यापैकी दाब लागतो, काचेला त्याच्या कितीतरी कमी पुरतो. म्हणून कारखान्याभोवती एकात एक वर्तुळं काढता येतात. ऊर्जा आठपट झाली की वर्तुळाची त्रिज्या दुप्पट होते, असा ढोबळ नियम आहे.

आता कंपनीवाले म्हणतील, एवढं सोपं नाही हो. बरोबर आहे. रिअॅक्टरमधली प्रक्रिया हाताबाहेर गेली तर गेजवरच्या आकड्याला अर्थ राहत नाही, रसायन स्वतःची ऊर्जा ओततं. पत्र्याचे तुकडे कुठे जातील तेही नेमकं सांगता येत नाही, आणि ते कधी कधी हवेच्या लाटेपेक्षा लांब जातात. पण त्यासाठीच तर सगळ्यात वाईट शक्यता धरून हिशोब करायचा असतो. आकडा थोडा चुकेल. आज आपल्याकडे चुकलेला आकडासुद्धा नाही.

कायद्यात काहीच नाही असंही नाही. घातक रसायनांच्या 1989 च्या नियमांत आजूबाजूच्या लोकांना धोका काय आणि अपघात झाल्यावर काय करायचं ते कळवावं, असं स्पष्ट आहे. पण ते रसायनाच्या ठरावीक साठ्याच्या वरच्या कारखान्यांना. भिंतीला भिंत लावून असलेल्या छोट्या युनिटमधली दाबाची टाकी त्यातून सहज सुटते. 26 मे 2016 ला याच डोंबिवलीत स्फोटात माणसं गेली. मग चौकशी समिती, कारखाने हलवण्याच्या घोषणा. आठ वर्षांनी पुन्हा मे महिना, पुन्हा तेच.

कारखाने हलवा, जरूर हलवा. पण ते होईपर्यंत प्रत्येक दाबाच्या भांड्याची वर्तुळं काढून वॉर्ड ऑफिसात आणि सोसायटीच्या बोर्डावर लावायला काय अडचण आहे? बिल्डरांचे भाव पडतील म्हणून? शाळेला कळू दे की आपले वर्ग कुठल्या वर्तुळात येतात. निदान खिडक्यांना फिल्म तरी लावून घेतील.

आणि एक, आजच घरात सांगून ठेवा. एमआयडीसीच्या बाजूला आग किंवा धूर दिसला की आपण मोबाईल घेऊन खिडकीत जातो. झगमगाट दिसल्यावर लाट एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद घेते. तेवढ्यात खिडकीपासून लांब व्हा, खाली बसा, तोंड झाका. व्हिडिओ कोणीतरी काढेलच.